१ नोव्हेंबर २००५ : एका तारखेचं प्रकरण

दर नोव्हेंबरात आमच्या घरी एक छोटा समारंभ असतो. वडील सकाळी लवकर अंघोळ उरकतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि बँकेत हयातीचा दाखला द्यायला निघतात. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण त्यांना ते पटत नाही. "मी जिवंत आहे हे त्या मॅनेजरला दिसू दे की," म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ते १९९९ साली निवृत्त झाले. नोकरीतल्या शेवटच्या पगारापेक्षा आजची पेन्शन मोठी आहे, आणि वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढला की ती आणखी थोडी वाढते.

धाकटा भाऊ एका सरकारी कार्यालयात लिपिक. त्याच्याकडे दाखला नाही, एक कार्ड आहे. त्यावरच्या कायम खाते क्रमांकाला कचेरीत सगळे 'प्राण नंबर' म्हणतात, कारण त्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं तशीच जुळतात. वडिलांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "प्राण सरकारकडे ठेवून आलास होय?" हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण एका रविवारी त्यानं वर्षाचा उतारा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी वडिलांची पेन्शनची चिठ्ठी ठेवली, तेव्हा कोणी हसलं नाही. एका कागदावर दरमहा मिळणारी रक्कम होती. दुसऱ्यावर युनिट, त्यांचा भाव आणि त्या दिवशीची एकूण किंमत. दोन्ही कागद म्हातारपणाचेच, पण पहिला वाचायला वडिलांना चष्मा पुरतो. दुसरा वाचायला भावाला अजून कोणीतरी लागतं.

या दोन कागदांच्या मध्ये एक तारीख आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी पेन्शनचं गेल्या वीस वर्षांतलं सगळं राजकारण त्या तारखेभोवती फिरलं. म्हणून हे प्रकरण त्या तारखेपासूनच मांडतो.

ज्यांचं गेलं ते तेव्हा नोकरीतच नव्हते

डिसेंबर २००३ मध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारनं अधिसूचना काढली. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत नव्यानं येणाऱ्यांना, सैन्यदलं वगळता, जुनी पेन्शन बंद झाली. महाराष्ट्रात विलासराव देशमुखांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारनं ३१ ऑक्टोबर २००५ ला जीआर काढला आणि दुसऱ्या दिवसापासून लागणाऱ्या प्रत्येकाला 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना' लावली, म्हणजे कचेरीतल्या बोलीत डीसीपीएस. गोव्यानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेच केलं होतं. पश्चिम बंगाल तेवढं बाहेर राहिलं. पुढे २०१३ मध्ये पेन्शन नियामकाचा कायदा मनमोहन सिंग सरकारनं आणला आणि तो मंजूर झाला भाजपच्या पाठिंब्यानं. पेन्शन कोणी काढून घेतली, याचं उत्तर एका पक्षाचं नाव घेऊन देता येत नाही. दोघांनी मिळून काढली. नंतर जो विरोधी बाकांवर बसला त्याला ती परत हवी झाली.

मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या आयुष्यातली एवढी मोठी कपात, आणि २००५ साली राज्य ठप्प झालं नाही. याच महाराष्ट्रात १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली कर्मचारी ५४ दिवस संपावर होते, तेही केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी. मग पेन्शनवर का नाही पेटले?

कारण सोपं आहे. जीआर निघाला त्या दिवशी नोकरीत असलेल्या एकाचीही पेन्शन गेली नाही. संघटनेचा प्रत्येक वर्गणीदार सुरक्षित होता. ज्यांचं गेलं ते तेव्हा कुठेतरी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचत होते, डीएड करत होते, काही तर शाळेत होते. त्यांची संघटना नव्हती, आणि नोकरी मिळण्याची भ्रांत असलेला माणूस पेन्शन कुठली हे विचारत नाही. भावाला आदेश मिळाला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. आदेशातला डीसीपीएसचा मुद्दा कोणी वाचला असेल तर मला आठवत नाही.

कपात करणाऱ्याच्या दृष्टीनं ही फारच सोयीची रचना होती. विरोध करणारा माणूस अजून जागेवर यायचा होता. पण तो दर भरतीबरोबर येत राहिला आणि पंधरा-सतरा वर्षांनी कचेरीत बहुसंख्य व्हायला लागला. तोवर त्याच्या डोक्यावर दोन-चार केस पांढरे झाले होते आणि म्हातारपण ही दुसऱ्याची गोष्ट राहिली नव्हती.

तारखेची आणखी एक गंमत. सरकारी पेन्शनबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात गाजलेला निकालही तारखेवरूनच झाला होता. १७ डिसेंबर १९८२, डी. एस. नकारा यांचा खटला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालचं घटनापीठ, निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाईंचं. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शन नाही आणि नंतरच्यांना आहे, ही विभागणी न्यायालयानं मनमानी ठरवली. पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचं ते मोल आहे, असंही सांगितलं. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन. आंदोलनाच्या भाषणांत नकारांचं नाव हमखास येतं. सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: ती विभागणी निवृत्तांमध्ये होती, इथं नव्या माणसाशी करारच नवा झालाय. कायद्याच्या अंगानं या उत्तरात दम आहे. पण एकाच टेबलावर समोरासमोर बसणाऱ्या दोघांना ते समजावून सांगणं अवघड आहे.

हिशोब

जुन्या पेन्शनचं सूत्र पोस्टकार्डावर मावेल. १९८२ च्या नियमांप्रमाणे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं, वर महागाई भत्ता. माणूस गेल्यावर जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. कर्मचाऱ्याच्या पगारातून यासाठी काही कापलं जात नाही. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे जीपीएफ, कापला जातो, पण तो त्याचा त्याला व्याजासह परत मिळतो. सरकार यासाठी वेगळा निधीही साठवत नाही. आजच्या करातून आजची पेन्शन जाते.

नव्या योजनेत मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे, सुरुवातीला तेवढेच सरकारचे. २०१९ पासून सरकारचा वाटा १४ टक्के. साठलेल्या रकमेपैकी निवृत्तीच्या वेळी ६० टक्क्यांपर्यंत हातात घेता येते. किमान ४० टक्क्यांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते, आणि तिच्यातून जे दरमहा येईल ती पेन्शन.

आकडे घालून बघू. हे माझं उदाहरण आहे, कुणाचा खरा उतारा नाही. मूळ वेतन ६०,००० असताना निवृत्त झालेल्या माणसाला जुन्या सूत्रानं ३०,००० आणि महागाई भत्ता ५० टक्के धरला तर एकूण ४५,००० रुपये. नव्या योजनेत त्याचे ४० लाख साठले असं समजू. त्यातले १६ लाख वार्षिकीत गेले. सहा टक्के दर धरला तर वर्षाला ९६,०००, महिन्याला ८,०००. उरलेले २४ लाख हातात, हे विसरायचं नाही. आंदोलनाच्या फलकांवर फक्त तो आठ हजारांचा आकडा असतो आणि चोवीस लाख गायब असतात. पण दुसरी बाजूही बघा. त्याच सहा टक्क्यांनी महिन्याला ४५,००० हवे असतील तर वार्षिकीत ९० लाख टाकावे लागतील. आणि तेही ४५,००० वरच राहतील. वडिलांसारखे पंचवीस वर्षं जगलात तर शेवटच्या वर्षी त्यात किती गॅस सिलिंडर येतील याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

"आमचा पैसा शेअर बाजारात लावला" ही घोषणा अर्धीच खरी आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या पर्यायात शेअर्सचा हिस्सा बरीच वर्षं जास्तीत जास्त १५ टक्के होता. बाकी बहुतेक सरकारी रोखे आणि कर्जरोखे. खरा फरक बाजाराचा नाहीच. माणूस किती जगेल, महागाई किती होईल आणि व्याजदर किती पडतील, या तिन्ही गोष्टींचा घोर पूर्वी सरकारला होता. १ नोव्हेंबर २००५ पासून तो कर्मचाऱ्याच्या गळ्यात आला. बाकी सगळी चर्चा या एका वाक्याची टीप आहे, असं माझं मत.

त्यात महाराष्ट्रात सुरुवातीच्या वर्षांचा गोंधळ. पगारातून कपात सुरू झाली, पण कित्येकांना, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना, वर्षानुवर्षं हिशोबाची चिठ्ठी मिळाली नाही. एप्रिल २०१५ पासून राज्यानं ही खाती राष्ट्रीय योजनेत, एनपीएसमध्ये, न्यायला घेतली तेव्हा जुन्या नोंदी जुळवण्याचं काम लागलं. भावाच्या उताऱ्यातही दोन वर्षांतल्या मधल्या काही महिन्यांची कपात दिसत नव्हती. ती दाखवून घ्यायला त्यानं किती खेटे घातले ते त्यानं मोजले आहेत, मी नाही. योजना चांगली की वाईट हा वाद होण्याआधीच तिच्यावरचा विश्वास तिथं संपला होता. शिवाय नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कोणी दगावला तर जुन्या नियमांत जे कुटुंब निवृत्तिवेतन मिळालं असतं ते नव्या योजनेत नव्हतं. २०१८ मध्ये दहा लाखांच्या सानुग्रह अनुदानाचा निर्णय झाला. पण तोवर काही घरांतल्या कहाण्या तालुक्याच्या तालुक्याला पाठ झाल्या होत्या, आणि आकडेवारीपेक्षा त्याच कहाण्यांनी मोर्चे भरवले.

नागपूरचं अधिवेशन आणि नागपूरचीच निवडणूक

२०२२ साल उजाडलं ते राजस्थानपासून. अशोक गेहलोतांनी फेब्रुवारीत जुनी पेन्शन परत आणल्याची घोषणा केली, पाठोपाठ छत्तीसगड, झारखंड, पंजाब. डिसेंबरात हिमाचलमध्ये काँग्रेस याच आश्वासनावर सत्तेत आली.

त्याच महिन्यात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, २१ डिसेंबरला, उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेत स्पष्ट सांगितलं: जुनी पेन्शन देणार नाही, दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. २००५ चा निर्णय घेतल्याबद्दल त्यांनी विलासरावांच्या सरकारचे आभारही मानले. राजकारणात विरोधी पक्षाच्या सरकारचे असे जाहीर आभार क्वचित ऐकू येतात.

या आकड्यावर संघटनांनी लगेच बोट ठेवलं. २००५ च्या शेवटी अठ्ठाविसाव्या वर्षी लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३५ च्या सुमाराला निवृत्त होणार. मग आज दिवाळखोरी कशी? आज तर उलट सरकारचा १४ टक्क्यांचा वाटा वाचेल! दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि पेचाचं मूळही तेच. जुनी पेन्शन जाहीर करणाऱ्या सरकारला पहिली दहा वर्षं फायदाच होतो. बिल येतं ते नंतरच्या सरकारला. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२३ च्या राज्यांच्या अर्थस्थितीवरच्या अहवालात नेमका हाच इशारा दिला: आजची बचत अल्पजीवी आहे आणि उद्याची देणी विनातरतूद साठतायत. त्याच वर्षी सप्टेंबरच्या तिच्या मासिकातल्या अभ्यासानं सांगितलं की सगळी राज्यं परतली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचारपटीपर्यंत जाऊ शकतो. २००५ मध्ये कपातीची झळ पुढच्या पिढीला बसत होती म्हणून ती सोपी होती. २०२२ मध्ये उलटायचं ठरलं तर त्याची झळही पुढच्याच पिढीला, म्हणून तेही सोपं वाटत होतं.

जानेवारीत विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचा प्रचार सुरू झाला आणि सूर बदलला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे 'सकारात्मक' हा शब्द वापरू लागले. ३० जानेवारीला मतदान, २ फेब्रुवारीला मोजणी. नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपच्या पाठिंब्यावरचे विद्यमान आमदार नागो गाणार हरले, महाविकास आघाडीचे सुधाकर अडबाले निवडून आले. अमरावती पदवीधरमध्ये माजी मंत्री रणजित पाटील पडले. पाचपैकी भाजपच्या हाती एकटी कोकणची जागा लागली. या मतदारसंघांत मतदार थोडे, पण ते कोण? शिक्षक मतदारसंघात तर शंभर टक्के शिक्षकच. जुन्या पेन्शनवर जनमत घ्यायचं असतं तर याहून नेमकी मतपेटी सापडली नसती.

सात दिवस

१४ मार्च २०२३ ला संप सुरू झाला. कर्मचारी संघटनांच्या समन्वय समितीचे निमंत्रक विश्वास काटकर. सरकारी, निमसरकारी, शिक्षक, शिक्षकेतर मिळून सतरा लाखांच्या आसपास कर्मचारी. घोषणा एकच, मोर्चापासून व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीपर्यंत: 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. मुंबईत विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं, दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या, नाशिककडून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईच्या वाटेवर होता.

आमच्या गावात त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. गारा पडल्या, कांदा आणि द्राक्षं गेली. पंचनाम्याला तलाठी हवा, कृषी सहायक हवा, ग्रामसेवक हवा. तिघेही तहसील कचेरीसमोर मांडवात. माझ्या एका शेतकरी मित्रानं त्या मांडवापुढे मोटारसायकल उभी केली, आत गेला आणि ओळखीच्या तलाठ्याला म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचं खरं आहे. पण माझा कांदा तुमच्या पेन्शनीपर्यंत टिकायचा नाही." तलाठी खाली बघत राहिला. चहा मागवला गेला. मित्रानं तो घेतलाही.

शहरांत नर्सेस संपात असल्यानं शस्त्रक्रिया पुढे गेल्या. मेस्माची, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याची, भाषा झाली. संपाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका गेली. शिक्षकांच्या एका गटानं सुरुवातीलाच माघार घेतली आणि त्याला फुटीर म्हणून शिव्या पडल्या. आणि मग जे आलं ते संघटनांनी बहुधा मोजलं नव्हतं. समाजमाध्यमांवर बेरोजगार पोरांच्या पोस्ट फिरायला लागल्या: आम्हाला पेन्शन नको, निम्म्या पगारात काम करतो, यांना घरी बसवा.

२० मार्चला मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाली आणि संप मागे घेतला गेला. संप चालू असतानाच तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली होती: सुबोध कुमार, के. पी. बक्षी, सुधीरकुमार श्रीवास्तव. मुदत तीन महिने, जी नंतर लांबली. तिघेही स्वतः जुन्या पेन्शनचे, हे संपाच्या मांडवात कोणाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मांडवाबाहेरचे

त्या बेरोजगार पोरांचा राग नुसता मत्सर म्हणून झटकून टाकता येत नाही. महाराष्ट्रात म्हातारपण काढणाऱ्या बहुसंख्यांकडे ना जुनी पेन्शन आहे ना नवी. साखर कारखान्यातले, सूतगिरणीतले, एसटीतले निवृत्त कामगार ईपीएस ९५ या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत येतात. तिथली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये. बुलढाण्यात या पेन्शनरांचं साखळी उपोषण डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं. मागणी ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता. संप सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, ९ मार्चला, मांडलेल्या अर्थसंकल्पात संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान १,००० वरून १,५०० केलं गेलं. विधवा, अपंग, निराधार माणसाला तेव्हा महिना दीड हजार. आणि ज्या खजिन्यातून हे जातं त्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक वाटा पगार, पेन्शन आणि व्याजातच संपतो.

मग प्रश्न असा: पेन्शन सगळ्यांना नाही म्हणून ज्यांना आहे त्यांचीही काढायची, की ज्यांना नाही त्यांच्यापर्यंत न्यायची? संघटनांनी दुसरं बोलायला हवं होतं. भाषणांतून त्या कधी बोलल्याही, पण त्यांच्या मागणीपत्राच्या वरच्या ओळी आपल्याच सभासदांच्या राहिल्या.

सरकारच्या 'पैसे नाहीत' या वाक्याची किंमतही फार काळ टिकली नाही. माजी आमदाराला एका कार्यकाळावर महिना ५०,००० पेन्शन आहे, पुढच्या प्रत्येक वर्षाला २,००० ची भर. तिच्यासाठी पगारातली १० टक्के कपात नाही आणि वार्षिकीही नाही. रक्कम राज्याच्या मानानं किरकोळ असेल, पण चिडायला पुरेशी. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, वर्षाला ४६,००० कोटींची. योजनेवर माझा आक्षेप नाही, आमच्या गल्लीत तिच्या पैशांतून शिलाई मशिनं आली आहेत. पण दीड वर्षापूर्वी दिवाळखोरीचं गणित ऐकलेल्या कर्मचाऱ्यानं ते पाहिलं आणि एकच अर्थ काढला: पैसे असतात किंवा नसतात असं काही नाही, ते कोणासाठी असतात एवढंच ठरवायचं असतं.

हप्त्याहप्त्यानं माघार

संपानंतर सरकार एकदम हललं नाही, हप्त्यानं हललं. ३१ मार्च २०२३ ला एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू करणारा जीआर निघाला. माझ्या मते या सगळ्या लढ्यातली सगळ्यात न्याय्य मिळकत ही, आणि तिचीच बातमी सगळ्यात छोटी आली. त्याआधी २४ मार्चला दिल्लीत निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत पेन्शनच्या प्रश्नावर वित्त सचिव टी. व्ही. सोमनाथन यांच्या समितीची घोषणा केली होती. मुंबईतला संप मिटून जेमतेम चार दिवस झाले होते.

डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा संपाची हाक, पुन्हा आश्वासन, पुन्हा स्थगिती. २ फेब्रुवारी २०२४ ला जीआर: ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती, पण नेमणूक नंतर झाली, अशा सुमारे २६,००० जणांना जुनी पेन्शन निवडता येईल. १ मार्चला विधिमंडळात घोषणा: एनपीएसवाल्यांनाही शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, आणि जोडीदाराला तिच्या ६० टक्के. पंधरवड्यानं लोकसभा निवडणूक जाहीर झाली. २४ ऑगस्टला केंद्रानं एकीकृत निवृत्तिवेतन योजना, यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं ती स्वीकारली. देशातलं पहिलं राज्य. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती.

यूपीएस म्हणजे मधली वाट. २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, महागाईची भर, दहा वर्षं सेवेवर किमान १०,०००. घोर पुन्हा सरकारकडे गेला. पण कर्मचाऱ्याची १० टक्के कपात कायम, आणि केंद्राचा वाटा १८.५ टक्के. संघटनांचा आक्षेप इथंच अडला: आमचे दहा टक्के आमच्या हातात परत येत नाहीत, मग ही जुनी पेन्शन कसली? आक्षेप खोटा नाही. तरी शेजारच्या ईपीएसवाल्याला समजावून सांगायला तो मला जड गेला. केंद्राच्या कर्मचाऱ्यांचाही उत्साह बेताचाच असावा, कारण पर्याय निवडण्याची ३० जून २०२५ ची मुदत आधी सप्टेंबर आणि मग नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली.

जुन्या पेन्शनचे पुरस्कर्ते पक्षही तोवर सावध झाले होते. काँग्रेसच्या लोकसभेच्या जाहीरनाम्यात ती नव्हतीच. हिमाचलमध्ये सप्टेंबर २०२४ चे पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला गेली, आणि सगळ्यांनी ते जुन्या पेन्शनच्या माथी मारलं. ते बरोबर नाही. तिथली जुन्या पेन्शनची मोठी देणी अजून यायचीच आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जुनी पेन्शन न देता महायुती महाराष्ट्रात दोनशेवर जागा घेऊन परत आली. शिक्षक मतदारसंघातलं गणित राज्याला लागू पडलं नाही.

तीच तारीख

भावाची जाहिरात मार्च २००५ ची. परीक्षा पावसाळ्यात, निकाल दिवाळीच्या सुमाराला, आदेश जानेवारी २००६. म्हणजे तो त्या २६,००० मधला निघाला. विकल्पाचा अर्ज भरताना त्याला २००५ चं वर्तमानपत्रातलं कात्रण हवं होतं. ते सापडलं वडिलांच्या ट्रंकेत, जन्मपत्रिका आणि जुन्या पासबुकांच्या मध्ये, पिवळं पडलेलं. नोकरीच्या जाहिराती कापून ठेवायची त्यांची सवय आम्ही सगळे हसण्यावारी न्यायचो. त्याचं एनपीएस खातं बंद होऊन त्याचा स्वतःचा वाटा जीपीएफला गेला, सरकारचा सरकारकडे.

त्याच्या समोरच्या टेबलावर बसणारे सहकारी २००७ च्या जाहिरातीतून आले. काम तेच, हुद्दा तोच, दोघं एकाच डब्यातलं लोणचं खातात. २०२३ च्या मार्चमध्ये सातही दिवस दोघं एका सतरंजीवर बसले होते. भावाचा विकल्प मंजूर झाला त्या दिवशी त्यानं कचेरीत पेढे न्यायचे की नाही यावर घरी चर्चा झाली. वडील म्हणाले, ने. वहिनी म्हणाली, नको. शेवटी तो रिकाम्या हातानंच गेला. दुपारी त्या सहकाऱ्यांनीच कँटीनमधून चहा आणि प्लेटभर भजी मागवली आणि पैसेही त्यांनीच दिले. भजी खाता खाता त्यांनी विचारलं, "कात्रण कुठं मिळालं म्हणालास?"